एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रिया आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

एचआयव्हीबाधित रुग्णाच्या आयुष्याचा हिशेब एकेकाळी महिन्यांत करावा लागे. १ एप्रिल २००४ पासून शासनाने एआरटीची औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला आणि हे चित्र पालटले. नियमित गोळ्या घेणारी स्त्री आज नातवंडे पाहण्याची आशा बाळगू शकते. अशा स्त्रीचा बळी टाळता येण्याजोग्या कर्करोगाने घ्यावा, ही गोष्ट कोणाही वैद्याला अस्वस्थ करणारी आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. निरोगी शरीर हा विषाणू साधारणतः दोनेक वर्षांत परतवून लावते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असल्यास तो ठाण मांडून बसतो. एरवी पेशींतील बदलापासून कर्करोगापर्यंतच्या प्रवासास १५ ते २० वर्षे लागतात; दुर्बल प्रतिकारशक्तीत तो ५ ते १० वर्षांतही पूर्ण होऊ शकतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना हा धोका इतरांच्या सहापट असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९९३ साली अमेरिकेत या कर्करोगाची गणना एड्सनिदर्शक आजारांत झाली, ती याच कारणास्तव.

या विषयावरील महत्त्वाचे संशोधन आपल्याच राज्यात झाले आहे. पुण्यात ३०३ एचआयव्हीबाधित स्त्रियांची दुर्बिणीने तपासणी करून पेशींतील बदलांचा शोध घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१३ साली, पुण्यातच हजाराहून अधिक बाधित स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रकाशित झाला. त्यात ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी केलेली पाहणी, पॅप तपासणी आणि एचपीव्ही चाचणी यांची तुलना होती. दोष आढळलेल्या भागावर भूल न देता उष्णतेने उपचार करण्याची पद्धतही तेथे अभ्यासली गेली.

एचपीव्ही चाचणी ग्रामीण भागात कितपत उपयोगी पडते, याचे उत्तर सर्वसामान्य स्त्रियांपुरते उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्याने दिले. १९९९ पासून तेथे ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्या व्यवस्थेतील गटात ६४. गावे, शेतमजुरी, अंतरे पाहता तो जिल्हा आपल्या गोंदियाहून फार निराळा नाही.

एआरटी वेळेवर सुरू केल्यास संसर्गजन्य विषाणूंमुळे होणारे कर्करोग कमी होतात, हे २०१५ सालच्या ‘स्टार्ट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून पुढे आले. तथापि गोळ्या सुरू आहेत म्हणून तपासणी नको, असा अर्थ कोणी काढू नये. बाधित स्त्रीने वयाच्या २५ व्या वर्षापासून दर ३ ते ५ वर्षांनी एचपीव्ही चाचणी करावी, अशी २०२१ सालची शिफारस आहे.

आमच्या भगिनी धानाच्या रोवणीत आणि कापणीत स्वतःचे दुखणे पुढे ढकलतात. पाळीव्यतिरिक्त किंवा संबंधानंतर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त पांढरे पाणी अशी लक्षणे असल्यास तसे करू नये. सुरुवातीचे दोष काही मिनिटांत दूर होतात. आजार वाढल्यावर किरणोपचारासाठी नागपूरच्या फेऱ्या आणि मजुरी बुडणे ठरलेलेच.

पाळी सुरू असताना ही तपासणी करीत नाहीत. ती संपल्यानंतर यावे. २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णाची एचआयव्हीविषयक माहिती तिच्या संमतीविना उघड करता येत नाही. सोबत कोणास आणलेच पाहिजे असे नाही. सुरू असलेल्या गोळ्यांची नावे मात्र डॉक्टरांना अवश्य सांगावीत, कारण एआरटीतील काही औषधांचा कर्करोगाच्या औषधांशी मेळ बसत नाही.