गिऱ्हाईक पर्यावरणाची काळजी घेणारे हॉटेल का निवडते?

हा प्रश्न फक्त मोठ्या हॉटेलवाल्यांचा नाही. वेरूळ-अजिंठ्यामुळे छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) बाहेरचा पाहुणा येतो आणि त्याच्यावर लॉजवाला, चादरी-टॉवेलचा व्यापारी, धोबी, टॅक्सीवाला आणि हिमरू विणणारा कारागीर अशा अनेकांची रोजी चालते. म्हणून पाहुणा काय पाहून खोली घेतो, हे व्यापारी बंधूंनी समजून घेतले पाहिजे.

आधी सोय, मग पर्यावरण

गिऱ्हाईक आधी स्वच्छता, भाडे आणि जागा पाहते. पर्यावरणाचा नंबर त्यानंतर लागतो. तोंडाने सगळेच काळजी दाखवतात, पण त्यासाठी शंभर रुपये जास्त मागितले की हात आखडतो. मात्र दोन हॉटेले भाड्याने व सोयीने सारखी असली, तर हीच गोष्ट पारडे झुकवू शकते.

विठ्ठल कामत यांनी १९९० च्या दशकात मुंबईत विलेपार्ल्याला ‘ऑर्किड’ सुरू केले. ‘इकोटेल’ प्रमाणपत्र मिळवणारे आशियातील पहिले पंचतारांकित हॉटेल म्हणून त्याचे नाव झाले. तिथे वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सोय केली गेली आणि खोलीत एक हिरवे बटण बसवले गेले. पाहुण्याने ते दाबले की एसीची थंडी थोडी कमी होते व वीज वाचते. हॉटेल विमानतळाला लागूनच आहे, म्हणजे सोय आधीच होती. बटणामुळे पाहुण्याला पदरचा पैसा न घालता चांगल्या कामात हातभार लावल्याचे समाधान मिळते.

चार जण करतात ते माणूस करतो

अमेरिकेतील तीन संशोधकांनी २००८ मध्ये एका हॉटेलातील प्रयोग प्रसिद्ध केला. ‘पर्यावरण वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा’ अशी चिठ्ठी ठेवली तेव्हा सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असे लिहिले तेव्हा ४४ टक्क्यांनी. दुसऱ्या प्रयोगात ‘याच खोलीत राहिलेल्या’ पाहुण्यांचा उल्लेख केला, तर आकडा ४९ टक्क्यांवर गेला. उपदेशापेक्षा शेजाऱ्याचे उदाहरण जास्त काम करते.

भरवसा

‘ग्रीनवॉशिंग’ म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेला दिखावा. हा शब्द १९८६ मध्ये जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन लेखकाने रूढ केला, तोही हॉटेलातील टॉवेलच्या चिठ्ठीवरूनच. हॉटेल एकीकडे टॉवेल वाचवायला सांगते आणि दुसरीकडे निसर्गाची नासाडी करते, हे त्याला खटकले. आपल्या व्यापाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. यंत्रमागाची शाल हातमागाचा हिमरू म्हणून एकदाच विकता येते. खोटेपणा उघडा पडला की खऱ्या कारागिराच्या मालावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

कंपनीचे गिऱ्हाईक

वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत येणाऱ्या माणसाचे भाडे बहुधा कंपनी भरते. २०२२-२३ पासून सेबीने शेअर बाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरणविषयक तपशील अहवालात देणे सक्तीचे केले आहे. अशी कंपनी हॉटेलला पाणी, वीज आणि कचऱ्याचा हिशेब विचारू शकते. तिथे भावनेला जागा नाही, कागद दाखवावा लागतो.

आपण काय करावे?

आपल्या शहराला पाणी जायकवाडीहून येते आणि नळाला काही दिवसांआड पाणी, हा अनुभव वर्षानुवर्षांचा आहे. इथे पाणी वाचवणे म्हणजे टँकरचे पैसे वाचवणे. समजा ३० खोल्यांचे लॉज आहे आणि प्रत्येक खोलीत अर्ध्या किलोचे दोन टॉवेल आहेत. रोजची धुलाई ३० किलो झाली. निम्म्या पाहुण्यांनी टॉवेल दुसऱ्या दिवशीही वापरले तर १५ किलो धुलाई कमी होते. किलोमागे १५ लिटर पाणी धरले, तर रोज २२५ लिटर वाचते. शिवाय साबण, वीज वाचते आणि टॉवेलही जास्त दिवस टिकतो.

मात्र टॉवेल मागणाऱ्याला नकार देऊ नका आणि नव्या पाहुण्याला जुनी चादर कधीही देऊ नका. स्वच्छतेबद्दल शंका आली की बाकी सगळे फुकट जाते. बादली-मग्गा ठेवायला लाजू नका, कारण बराच वेळ चालणाऱ्या शॉवरपेक्षा एका बादलीत पाणी कमी लागते. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी गाळलेल्या पाण्याचा जग ठेवा. जे करता तेवढेच भिंतीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहा, आणि वाचलेल्या पैशातला थोडा वाटा भाड्यात सवलत म्हणून द्या. पाहुण्याला त्यात आपला फायदा दिसला आणि तुमचा शब्द खरा ठरला, तर तो पुन्हा येईल आणि चार जणांना सांगेल.