संभाषण-सर्व्हर : उभारणी आणि राखण

एखाद्या वाचनालयाच्या वा चर्चच्या युवकमंडळाच्या सभासदांनी एकमेकांस निरोप तर धाडावयाचे, परंतु ते परक्या कंपनीच्या यंत्रावर साठवावयाचे नाहीत, असे ठरले म्हणजे स्वतःचा सर्व्हर उभारणे ओघानेच येते. २०१४ साली सुरू झालेली ‘मॅट्रिक्स’ ही योजना याच कामाची होय. एका गावच्या टपालकचेरीने दुसऱ्या गावची टपाल पोहोचवावी, तद्वत मॅट्रिक्सचे निरनिराळे सर्व्हर परस्परांशी व्यवहार करतात. घर स्वतःचे राहते आणि शेजारही तुटत नाही.

उभारणी वाटते तितकी बिकट नाही. इंटरनेटला अखंड जोडलेले एक यंत्र, स्वतःचे डोमेन-नाव आणि ‘सिनॅप्स’ ही विनामूल्य आज्ञावली एवढ्यावर काम भागते. नाव मात्र विचारपूर्वक निवडावे, कारण सर्व्हरला एकदा दिलेले नाव मागाहून बदलता येत नाही. ओळखीचे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था फुकट देते. त्याची मुदत अल्प असते, म्हणून नूतनीकरण यंत्राकडेच सोपवावे. माणूस तारीख विसरतोच.

खरा प्रश्न राखणीचा. मॅट्रिक्सच्या चालकांच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये मार्च २०१९ मध्ये एक घुसखोर शिरला, आणि एप्रिलपर्यंत कोणास त्याचा पत्ता नव्हता. नवलाची गोष्ट ही की, तो सिनॅप्समधून आलाच नाही. आज्ञावल्या जुळवून तपासण्यासाठी तेथे ‘जेन्किन्स’ नावाचे साधन चालू होते. त्याची आवृत्ती जुनी, आणि तिच्यातील दोष जगजाहीर झालेले. त्या खिडकीतून तो आत आला व चालकांच्याच दूरप्रवेशाच्या किल्ल्यांचा आधार घेत आतल्या कोठारापर्यंत पोहोचला. साधे निरोप आणि पासवर्डांची कूटरूपे त्याच्या आवाक्यात आली. कूटबद्ध निरोपांची गोष्ट निराळी; ते उघडण्याच्या किल्ल्या सभासदांच्या फोनांत व संगणकांत असतात, सर्व्हरवर नव्हे. पण याच व्यवस्थेचा काहींना फटकाही बसला. सुरक्षिततेसाठी सर्व सभासदांना एकदम बाहेर काढावे लागले, आणि ज्यांनी आपल्या किल्ल्यांची प्रत जपली नव्हती, त्यांचे जुने कूटबद्ध निरोप कायमचे बंद झाले.

तेव्हा लहान मंडळाच्या चालकानेही त्या यंत्रावर दुसरे कोणतेही काम ठेवू नये. दूरप्रवेश पासवर्डाने नव्हे, किल्लीच्या फाइलनेच द्यावा. लागतील तेवढेच पोर्ट उघडे ठेवावेत, आणि सुधारित आवृत्ती निघताच बसवावी. सिनॅप्समध्ये नवी नोंदणी मुळातच बंद असते. ती सोयीसाठी सर्वांना खुली करण्याचा मोह होतो. तसे केल्यास थोड्याच दिवसांत जाहिरातबाजांची रीघ लागते. सभासद हाताने नोंदवावेत. साठ्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवावी, आणि त्या प्रतीवरून सर्व्हर पुन्हा उभा राहतो की नाही, हे अधूनमधून करून पाहावे. पुष्कळ चालक प्रत घेतात, ही परीक्षा मात्र घेत नाहीत.

नवा सभासद आला की, त्याला त्याची पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर उतरवून घरी ठेवावयास सांगावे. सभासदाने ‘तुम्हीच सांभाळा’ म्हटले, तरी चालकाने ती आपल्याजवळ घेऊ नये.