विसरलेल्या ठेवी जातात कुठे?

बँकेत विसरलेला पैसा शेवटी सरकारजमा होतो, असे मला पुष्कळ जण सांगतात. नियम वाचले की वेगळेच दिसते. १० वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या 'ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी'त भरते. २०१४ पासून ही व्यवस्था आहे. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. मालकी मात्र ठेवीदाराचीच राहते. तो किंवा त्याचे वारस केव्हाही मागणी करू शकतात. बँक आधी त्यांना पैसे देते आणि मग निधीकडून भरून घेते.

खरी अडचण माहितीची. वडिलांचे खाते होते हेच मुलांना ठाऊक नसेल, तर मागणार कोण? २०२३ साली रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' पोर्टल सुरू केले. तेथे अनेक बँकांतील अशा ठेवी एकाच ठिकाणी शोधता येतात. दावा मात्र संबंधित बँकेतच करावा लागतो. आईचे जुने खाते माहेरच्या नावावर असू शकते, म्हणून दोन्ही नावांनी शोधावे. आणि आपल्या खात्यांची यादी या दिवाळीत घरच्यांच्या हाती द्यावी.