इंजिनाचा श्वास : दुसरा टर्बो का जातो?

इंटरकूलरवर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं, पण तो विषय पुढे ढकलतो. नवेगाव बांधच्या एका वाचकाने विचारलं आहे, की धान कापणीच्या हार्वेस्टरचा टर्बो गेला, नवा बसवला, तोही पुढच्याच हंगामात गेला. तर आता कोणत्या कंपनीचा घ्यावा? दिवाळीच्या आसपास बांध्यांमध्ये कापणीची घाई सुरू होते, त्याआधी हे उत्तर पोचलेलं बरं. कंपनीचा प्रश्न मी शेवटी ठेवतो. एकाच इंजिनावर लागोपाठ दोन टर्बो जातात, तेव्हा दोष टर्बोत असण्यापेक्षा त्याच्याभोवती असण्याची शक्यता कितीतरी अधिक. म्हणून तपासणी टर्बोपासून नव्हे, तर त्याच्यापर्यंत येणाऱ्या हवेच्या आणि ऑइलच्या वाटेपासून सुरू करावी, आणि निकामी टर्बो भंगारात देण्याआधी त्याच्यावरच्या खुणा नीट पाहाव्यात.

टर्बोची रचनाच हे सुचवते. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि इतक्या वेगात तो धातूवर टेकत नाही. बेअरिंगमधल्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगत राहतो. थर शाबूत असेल आणि आत येणारी हवा स्वच्छ असेल, तर झिजण्यासारखं फार थोडं उरतं. हवेचं म्हणाल, तर टर्बोचा जन्मच तिच्यासाठी झाला. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर हवा दाबण्याच्या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, १४,००० फुटांच्या वर, विमानाच्या इंजिनावर टर्बो लावून दाखवला. तिथे अडचण विरळ हवेची होती. नवेगावच्या बांधीत हवा पुरेशी दाट असते, पण कापणीच्या वेळी ती तणसाच्या भुशाने आणि मातीने भरलेली असते. धानाच्या झाडात सिलिका मुरलेली असते. तुसाच्या राखेत तर साधारण ९० टक्के सिलिकाच निघते. म्हणजे हार्वेस्टरभोवती उडणारी धूळ नुसती घाण नसते, ती धातू घासणारी पूड असते.

म्हणून पहिला तपास एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपचा. टर्बोच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडे जाणारा होज फाटला तर दाबातली हवा शिट्टी मारत बाहेर पडते, काळा धूर येतो, ताकद कमी होते; चालकाला लगेच कळतं. फिल्टर आणि टर्बोमधला पाइप मात्र फाटला तर काहीच ऐकू येत नाही. तिथे ओढ असते, त्यामुळे चिरेतून गाळलेली नव्हे तर बांधीतली हवा थेट आत जाते आणि इंजिन जोरात चालत राहतं. हा पाइप उतरवून आतून पांढरं फडकं फिरवावं. फडक्यावर धुळीचा पट्टा उमटला तर टर्बोतल्या कंप्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या बाजूच्या, चाकाकडे पाहावं. पात्यांच्या पुढच्या कडा एकसारख्या झिजून बोथट झाल्या असतील, तर ती धुळीची खूण. एखाद्याच पात्याचा तुकडा उडाला असेल, तर नट, वॉशर किंवा क्लिपचा तुकडा आत गेला असं समजावं. फिल्टर गॅरेजमधल्या हवेच्या कंप्रेसरच्या जोरदार झोताने झाडण्याची सवयही इथेच मोडायला हवी. त्या झोताने कागदाला बारीक छिद्रं पडतात आणि स्वच्छ दिसणारा फिल्टर धूळ सोडू लागतो. आतला दुसरा, सुरक्षेचा फिल्टर तर झाडायचाच नसतो. तो बदलायचा असतो.

ऑइलच्या बाजूला खुणा वेगळ्या. शाफ्ट निळा-काळा पडला असेल तर त्याला ऑइल मिळालेलं नाही. बेअरिंगवर बारीक ओरखडे असतील तर ऑइल मिळालं, पण घाण. यात सर्वांत जास्त फसवतो तो शाफ्टचा प्ले. पाइप काढला, शाफ्ट बोटांनी वर-खाली हलवला, तो हलला, आणि टर्बो बाद ठरला, असं अनेक ठिकाणी होतं. पण तरंगत्या बेअरिंगमध्ये ऑइल नसताना थोडा आडवा प्ले असायलाच हवा. चाक कवचाला घासतं का, हे पाहणं महत्त्वाचं. मागे-पुढे, लांबीच्या दिशेने जाणवण्याजोगा प्ले मात्र गंभीर, आणि तो डायल गेजने मोजून कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडावा. तशीच गोष्ट पाइपात दिसणाऱ्या ऑइलची. टर्बोत रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारखी धातूची कडी असते, आणि ती दोन्ही बाजूंच्या दाबाच्या आधाराने ऑइल अडवते. फिल्टर तुंबला की कंप्रेसरच्या बाजूला ओढ वाढते आणि ऑइल कडी ओलांडून येतं. इंजिनाच्या रिंगा झिजून क्रँककेसमध्ये दाब साचला, ब्रीदर बुजला, किंवा ऑइल परत नेणारा पाइप वाकला, तरी तेच होतं. अशा इंजिनावर नवाकोरा टर्बोसुद्धा पहिल्याच दिवशी ऑइल गाळेल.

हे पाहून झाल्यावर दाबाची चाचणी. इंजिनाच्या हवेच्या पाइपवर गेज लावून रिकाम्या इंजिनाची रेस वाढवली तर टर्बो जवळपास काहीच दाब दाखवत नाही, कारण लोडशिवाय धुरात तेवढा जोर नसतो. हार्वेस्टर कापणीत असतानाच आकडा घ्यावा. तो कमी आला, तर आधी सगळ्या होजच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती शोधावी, मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी काजळीचा माग पाहावा, आणि वेस्टगेट (जादा धूर बाजूने सोडणारा झडपेचा भाग) असेल तर हातपंपाने हलका दाब देऊन तो ठरलेल्या आकड्यावर उघडतो का हे तपासावं. तलावात पाणी कमी दिसलं म्हणून कुणी पाळ पाडून नवी बांधत नाही. येणारे ओहोळ आणि गळती आधी पाहतात.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. हंगाम थोड्या दिवसांचा, हार्वेस्टर थांबला की शेतकरी दुसरी मशीन बोलावतो. एवढं तपासत कोण बसणार? पण फिल्टर, पाइप, ब्रीदर आणि ऑइलचा परतीचा मार्ग पाहायला टर्बो उतरवण्याइतकाही वेळ लागत नाही, आणि कारण न शोधता बसवलेला टर्बो भर कापणीत पुन्हा मशीन थांबवतो. दुसरा आक्षेप नव्या इंजिनांचा: आता सेन्सर आहेत, स्कॅनर लावला की दोष कळतो. सेन्सर दाब कमी आहे एवढं सांगतो. तुंबलेला फिल्टर, सुटलेली क्लिप आणि झिजलेलं चाक तिन्ही त्याला बरेचदा सारखीच दिसतात. तिसरा आक्षेप खरा आहे: काही टर्बो मुळातच सदोष असतात, काही वयाने जातात, आणि नकली सुटे भागही बाजारात असतात. पण हे ठरवायचं असेल तर बाहेरची कारणं आधी बाद करावी लागतात. तपासणी न करता कंपनीला दोष देणं आणि कंपनीला निर्दोष ठरवणं, दोन्ही सारखंच निराधार.

तेव्हा वाचकाला माझं उत्तर असं, की तिसरा टर्बो घेण्याआधी पहिले दोन समोर ठेवा आणि दोघांवरच्या खुणा जुळतात का ते पाहा. जुळल्या तर कारण अजून इंजिनावरच आहे. ते दूर केल्यावर इंजिनाला नेमून दिलेला, पक्क्या बिलाचा टर्बो घ्या. बसवताना ऑइलच्या जोडाला लिक्विड गॅस्केट लावू नका, कारण त्याचा सुटलेला कण बारीक वाट बुजवतो. आत स्वच्छ ऑइल भरा आणि पहिल्यांदा इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटं रेस वाढवू नका. रोजच्या कामानंतरही बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं ते मंद चालू द्या, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतं. इंटरकूलर पुढच्या आठवड्यात. त्याच्या जाळीतही तणसाचा भुसा अडकतोच, त्यामुळे आजचा तपास तिथेही उपयोगी पडेल.