पणजीतली घोषणा, दलाल स्ट्रीटची उसळी आणि राजूरची मुदत ठेव

शुक्रवार, २० सप्टेंबर २०१९. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी पणजीत आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बैठकीआधीच पत्रकारांना गाठले आणि कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले. अट एवढीच, की कंपनीने इतर सवलती सोडायच्या. त्या दिवशी सेन्सेक्स १,९२१ अंशांनी चढला. सोमवारी त्यात आणखी हजारावर अंशांची भर पडली.

आदल्या दिवसापर्यंत हाच बाजार गळत होता. जूनच्या सुरुवातीला चाळीस हजारांवर असलेला सेन्सेक्स छत्तीस हजारांवर आला होता. गंमत म्हणजे रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी फेब्रुवारी ते ऑगस्टदरम्यान चार वेळा रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) कमी केला होता, ६.५० वरून ५.४० टक्क्यांवर. ऑगस्टची कपात तर नेहमीच्या पाव टक्क्याहून मोठी होती. तरी त्या दिवशीही बाजार खालीच बंद झाला. व्याज चार वेळा उतरले, बाजार सावरला नाही. कर एकदा उतरला आणि बाजार उसळला. असे का?

अकोले तालुक्यातल्या राजूरला डांगी जनावरांचे मोठे प्रदर्शन भरते. बैल पारखणारा आधी दात बघतो, मग खांदा. भर पावसात, भाताच्या खाचरात हा अजून किती वर्षे ओढील, त्यावर किंमत ठरते. शेअरची किंमतही अशीच पुढच्या वर्षांच्या नफ्याची असते. कंपनीचा नफा शंभर रुपये धरला, तर अधिभार आणि उपकरासह पूर्वी सुमारे ३५ रुपये सरकारजमा होत. नव्या दराने सुमारे २५. हातात ६५ ऐवजी ७५ उरले, म्हणजे करोत्तर नफा एका घोषणेत पंधरा टक्के वाढला. एकही जास्तीचा साबण न विकता! सवलतींमुळे मुळातच कमी कर भरणाऱ्या कंपन्यांना एवढा लाभ नव्हता. पण बाजाराला कशाचीच कुणकुण नव्हती, आणि उसळीत या अनपेक्षितपणाचा वाटा मोठा.

व्याजाचे काम धिम्या गतीने चालते. दर उतरले की कंपनीचे कर्ज स्वस्त होते, मुदत ठेवीचे आकर्षण कमी होते आणि थोडा पैसा शेअरकडे वळतो. दहा वर्षांनी मिळणाऱ्या नफ्याचे आजचे मोलही वाढते. पण रिझर्व्ह बँकेने दर उतरवला म्हणून शाखेतला दर लगेच उतरतो असे नाही. २०१९ मध्ये हेच दुखणे होते. म्हणून १ ऑक्टोबर २०१९ पासून घरकर्जासारखी बदलत्या दराची नवी कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडण्याची सक्ती बँकांवर आली. शिवाय गिऱ्हाईकच नसेल, तर स्वस्त कर्ज काढून कारखाना वाढवायचा कोणासाठी?

२००८ ची आठवण इथे उपयोगी पडते. ऑक्टोबर २००८ मध्ये रेपो ९ टक्के होता, पुढच्या एप्रिलपर्यंत तो ४.७५ वर आला. डिसेंबरात सरकारने उत्पादन शुल्कही चार टक्क्यांनी घटवले. तरी सेन्सेक्सने पुढचा तळ गाठला तो मार्च २००९ मध्ये, ८,१६० वर. अमेरिकेतही २००१ मध्ये व्याजदर साडेसहावरून पावणेदोन टक्क्यांवर आणले, बुश यांनी करकपात केली, आणि बाजार ऑक्टोबर २००२ पर्यंत पडतच राहिला. माझ्या मते घाईघाईची मोठी कपात हीच कधी कधी बाजाराला घाबरवते: दुखणे एवढे वाढले आहे का, अशी शंका येते.

२०२५ ची गोष्ट ताजी आहे. १ फेब्रुवारीला बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न नव्या करप्रणालीत करमुक्त करण्याची घोषणा झाली, ७ तारखेला जवळपास पाच वर्षांनी रेपो उतरला, आणि महिनाअखेर २८ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात चौदाशेवर अंश कोसळला. परदेशी गुंतवणूकदार विकत होते, ट्रम्प यांच्या आयातशुल्काची धास्ती होती, कंपन्यांचे तिमाही निकाल फिके होते. पगारदाराच्या खिशात उरलेला पैसा कंपनीच्या नफ्यात उतरायला वेळ लागतो. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा २८ वरून १८ टक्के झाला, तो फरक शोरूमच्या बिलात लगेच दिसला.

राजूरकरांना यातले काय पोचते? भातशेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीच, त्यामुळे बारा लाखांची सवलत शेतकऱ्यासाठी नाही. ती आश्रमशाळेतल्या गुरुजींसाठी, सरकारी नोकरांसाठी. वेळेत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर राज्याच्या व्याज सवलतीमुळे व्याज शून्यच पडते. रेपो चढो वा उतरो. आदिवासी क्रांतिवीर राघोजी भांगरे सावकारांविरुद्ध उठले तो हा मुलूख, व्याजाची धग त्याला नवी नाही. रेपोची कपात खरी जाणवते ती निवृत्तांना. जुनी मुदत ठेव ठरल्या दरानेच पिकते, पण नूतनीकरणाला गेल्यावर नवा, कमी दर लागतो. मग कोणीतरी सांगतो, शेअरमध्ये टाका. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा, मुलीचे लग्न असो की डोळ्यांचे ऑपरेशन, त्या वाटेने नेऊ नये. २००८ च्या जानेवारीत एकवीस हजारांवर गेलेला सेन्सेक्स पुन्हा तिथे पोचायला २०१० ची दिवाळी उजाडली होती.