ज्युरीचं समन्स टपालानेच का?

आज आपण एका साध्या पाकिटाबद्दल बोलू या.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठलंही मराठी घर घ्या. नात्यातलं कोणी ना कोणी अमेरिकेत असतंच. त्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं की कधीतरी टपालाने न्यायालयाचं पत्र येतं. इकडे आईवडिलांच्या पोटात गोळा उठतो. समन्स म्हटलं की आपल्याला आरोपी किंवा साक्षीदार आठवतो. पण हे समन्स वेगळं असतं. त्यात म्हटलेलं असतं, की अमुक दिवशी हजर राहा, तुमची ज्युरीसाठी निवड होऊ शकते.

पत्र टपालानेच का येतं, आणि कधी कधी आरोपीचा वकील न्यायाधीशांकडे अर्ज करून ‘ज्युरीसाठी माणसं यादीतून आणि टपालानेच बोलवा’ असं का मागतो, हा आजचा विषय.

आधी पद्धत समजून घेऊ. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांसाठी १९६८ साली ज्युरी निवडीचा कायदा झाला. त्याआधी अनेक ठिकाणी गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना विचारून नावं गोळा केली जात. प्रतिष्ठित माणूस कोणाची नावं देणार? आपल्या ओळखीच्यांची, आपल्यासारख्यांची. मजूर, काळे, नुकतेच राहायला आलेले लोक त्या यादीत क्वचितच येत. १९६८ च्या कायद्याने हे बंद केलं. आता मुख्यतः मतदार यादीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी नावं निघतात. आधी पात्रतेचा फॉर्म जातो. तुम्ही नागरिक आहात का, १८ वर्षं पूर्ण आहेत का, त्या भागात वर्षभर राहताय का, इंग्रजी येतं का, असे प्रश्न त्यात असतात. पात्र ठरलेल्यांतून पुन्हा नावं निघतात आणि मग समन्स जातं. ते हातोहात देता येतं, तसंच रजिस्टर्ड, सर्टिफाइड किंवा साध्या टपालानेही पाठवता येतं.

टपालाचा फायदा असा, की ते पत्त्यावर जातं, चेहरा बघून जात नाही. जुन्या काळी ज्युरर कमी पडले की शेरीफ न्यायालयाच्या आवारातून, नाहीतर रस्त्यावरून माणसं धरून आणायचा. काही राज्यांच्या कायद्यात ही मुभा आजही आहे. पण कोणाला आणायचं हे शेरीफ ठरवणार, आणि आरोपीला अटक करणारे बहुधा त्याच यंत्रणेतले. म्हणून वकील अर्ज करतो. संघीय कायदा याबाबत स्पष्ट आहे. ऐनवेळी माणसं कमी पडली तरी नवी नावं मतदार यादीसारख्या यादीतूनच, चिठ्ठी पद्धतीने काढायची.

एवढ्याने काय फरक पडतो, असं वाटत असेल तर आपल्याच इतिहासात डोकावू. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारने खास ज्युरी मागितली. टिळकांच्या बाजूने जोसेफ बॅप्टिस्टांनी हरकत घेतली, पण न्यायमूर्ती दावर यांनी सरकारची मागणी मान्य केली. खास ज्युरीच्या यादीत युरोपियनांचाच भरणा होता. प्रत्यक्ष ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. लेख ‘केसरी’तले, मराठी, त्यांचा अर्थ ठरवायचा तो इंग्रजी भाषांतरावरून. निकाल सात विरुद्ध दोन असा दोषी ठरवणारा लागला आणि टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टिळकांनी स्वतः बचावाचं भाषण केलं, ते गाजलंही. पण निम्मी लढाई त्याआधीच, कोणत्या यादीतून माणसं बोलवायची या अर्जावर हरली गेली होती.

अमेरिकेतही हे घडत होतं. लुईझियाना राज्यात स्त्रीने ‘मला ज्युरीत यायचं आहे’ असं आपणहून लिहून दिल्याशिवाय तिचं नाव यादीत घेत नसत. एका खटल्यात त्या भागातल्या पात्र लोकांपैकी ५३ टक्के स्त्रिया होत्या. बोलावलेल्या १७५ जणांत मात्र एकही नव्हती. आरोपी पुरुष होता, तरी त्याने हरकत घेतली. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘टेलर विरुद्ध लुईझियाना’ या निकालात त्याचं म्हणणं मान्य केलं. ज्युरीसाठीची माणसं समाजाच्या सगळ्या थरांतून बोलावली गेली पाहिजेत, हा आरोपीचा हक्क ठरला.

आता कोणी म्हणेल, संगणक आला, पत्रं आपोआप जातात, मग अर्ज कशाला? त्याचं उत्तर कनेक्टिकटमध्ये मिळतं. १९९२ च्या सुमारास तिथल्या संघीय न्यायालयात लक्षात आलं, की हार्टफर्ड या मोठ्या शहरातल्या लोकांना पत्रंच जात नाहीत. शहराच्या नावातलं शेवटचं ‘डी’ हे अक्षर संगणकात चुकीच्या रकान्यात पडलं होतं. त्या रकान्यात ‘डी’चा अर्थ होता ‘मृत’. अख्खं शहर कागदोपत्री मेलेलं! त्या शहरात काळ्या आणि हिस्पॅनिक लोकांची वस्ती मोठी. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, पण ज्यांचे खटले त्या काळात चालले, त्यांच्यासमोर त्या शहरातला माणूस बसलाच नाही. आरोपीच्या वकिलांनी याद्या तपासायला मागितल्या, म्हणून हे बाहेर आलं.

याद्या बघण्याचा हा हक्कही भांडूनच पक्का झाला. १९७५ सालच्याच ‘टेस्ट विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की पक्षकाराला ज्युरीच्या याद्या पाहायला मिळाल्याच पाहिजेत. नाहीतर हरकत घ्यायला जागा आहे की नाही हे त्याला कळणार कसं? मात्र मुदत कडक आहे. संघीय न्यायालयात ज्युररची तोंडी चौकशी सुरू होण्याआधी हरकत घ्यावी लागते. त्याआधीच गडबड कळली असेल, किंवा कळायला हवी होती असं असेल, तर तेव्हापासून सात दिवसांत. नंतर कितीही ओरडलात तरी उपयोग नाही.

गाजलेल्या खटल्यात अर्जातून आणखी दोन गोष्टी मागितल्या जातात. एक, जास्त माणसं बोलवा. बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटाच्या खटल्यासाठी २०१५ साली १,३७३ जणांना बोलावून १०० प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, तेव्हा पुढच्या चौकशीसाठी २५६ उरले. दुसरी, प्रश्नावली आधीच घरी पाठवा. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूप्रकरणी डेरेक शॉविन या पोलिसावर २०२१ साली मिनियापोलिसमध्ये खटला चालला, तेव्हा असंच केलं होतं. घरी शांतपणे बसून लिहिलेलं उत्तर भरल्या न्यायालयात दिलेल्या उत्तरापेक्षा बरेचदा खरं असतं.

मी फौजेतला माणूस, त्यामुळे मला आमचं कोर्ट मार्शल आठवतं. १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टप्रमाणे जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात. तिथे चिठ्ठ्या काढत नाहीत, अधिकारी नेमले जातात. तरीही न्यायालय बसल्याबरोबर अध्यक्ष आणि सदस्यांची नावं आरोपीला वाचून दाखवतात आणि विचारतात, यांपैकी कोणावर तुमची हरकत आहे का? आरोप त्यानंतर. पद्धत वेगळी, पण तत्त्व तेच. न्याय करायला कोण बसणार, हा प्रश्न आधी निकाली निघाला पाहिजे.

टपालालाही मर्यादा आहेत. भाड्याच्या घरात राहणारा गरीब माणूस सारखा पत्ता बदलतो. त्याचं पत्र परत येतं. जी पाकिटं परत येतात, ती बहुतेक एकाच थरातली असतात. म्हणून नुसतं ‘टपालाने पाठवा’ म्हणून भागत नाही. पत्ते ताजे करा, परत आलेल्या पाकिटाच्या जागी त्याच वस्तीत दुसरं पाठवा, हेही अर्जात मागावं लागतं. काही संघीय न्यायालयांनी ही पद्धत स्वीकारली आहे.

शेवटी तुमच्या नात्यातल्यांसाठी दोन गोष्टी. पत्र आलं तर ते बाजूला टाकू नका. नागरिक नसाल तर तसं खरं लिहून फॉर्म परत पाठवा, विषय संपतो. नागरिक असून विनाकारण गैरहजर राहिलात, तर संघीय न्यायालय १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा तीन दिवसांपर्यंत कैद करू शकतं. हजर राहिल्यास रोज ५० डॉलर भत्ता मिळतो. आणि ‘तुम्ही ज्युरीला आला नाहीत, आत्ता पैसे भरा नाहीतर अटक होईल’ असा फोन आला, तर तो भामट्याचा समजा. न्यायालय असे पैसे फोनवर मागत नाही. खुशाल फोन ठेवून द्या, आणि शंका असेल तर न्यायालयाच्या कचेरीत स्वतः चौकशी करा.