आसामचा बांबू म्हणजे सुरेल बासरी नव्हे

राजगुरुनगरात मुलाला बासरीच्या क्लासला घालायचं ठरलं, की पालकांचा दुकानदाराला पहिला प्रश्न ठरलेला: "बांबू आसामचा आहे ना?" तो "अस्सल आसामचा" म्हणतो आणि भाव चढतो. हा प्रश्नच चुकीचा आहे, हे किती वेळा सांगायचं?

उत्तर प्रदेशातलं पिलिभीत बासऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथेही बांबू आसामातूनच येतो. म्हणजे जत्रेतली स्वस्त बासरीही अनेकदा आसामी बांबूचीच असते. या बांबूची पेरं लांब, सरळ आणि पातळ असतात, म्हणून कारागिरांना तो हवा असतो. पण वाजते ती नळीतली हवा, बांबू नव्हे. पटत नसेल तर जॉन कोल्टमन यांचा १९७१ सालचा प्रयोग पाहा. एकाच मापाच्या चांदीच्या, तांब्याच्या आणि लाकडाच्या बासऱ्यांमधला फरक ना ऐकणाऱ्यांना ओळखता आला, ना न पाहता वाजवणाऱ्यांना.

सूर ठरतो तो नळीची लांबी-रुंदी, भोकांच्या जागा आणि फुंकेच्या भोकाची कड यांवर. म्हणून दुकानात आधी ती कड बघा. ती रेखीव हवी, बांबूचे तंतू निघालेले नकोत. मग वरची तीन भोकं बंद करून सा वाजवा आणि मोबाइलवरच्या ट्यूनरशी जुळवा. नंतर सहाही भोकं बंद करून हलक्या फुंकेनं मंद्र पंचम आणि जोरानं मध्य पंचम वाजवा. दोन पंचम एकमेकांशी जुळत नसतील, तर आतलं बूच चुकीच्या जागी बसलंय किंवा नळी सदोष आहे. मुरलेला वादक फुंकेनं हे सावरून घेतो. शिकणाऱ्या मुलाचा मात्र कानच बेसूर घडतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

• "दोरा नुसता शोभेचा." नाही, घट्ट गुंडाळलेला दोरा बांबूला तडकण्यापासून वाचवतो.

• "तेल पाजलं की सूर सुधारतो." तेलानं बांबू कोरडा पडत नाही इतकंच, चुकलेलं भोक जागेवर येत नाही.

• "शिकायला मोठीच बासरी हवी." लहान बोटं पोचतील अशी, पांढरी पाचची मध्यम बासरी घ्या.

• "उन्हाळ्यात सूर चढला, म्हणजे बासरी खराब." नळीतली हवा १० अंशांनी तापली की सूर सुमारे ३० सेंट चढतो; हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं.

स्वतःला वाजवता येत नसेल, तर मुलाच्या गुरुजींना दुकानात सोबत न्या. आणि वाजवून बघू न देणाऱ्या दुकानातून बासरी घेऊच नका.